पुढचे दोन टायर

जुन्या जीपचा पार्ट आणायला जाताना जुना पार्ट बरोबर न्यावा लागतो. दुकानदार पार्टचं नाव ऐकून घेत नाही, गाडीचं साल ऐकून घेत नाही, "नमुना आणलाय का?" एवढंच विचारतो. मग आपण पिशवीतून तो काळाकुट्ट तुकडा काढून काउंटरवर ठेवायचा. तो आत जातो, तसलाच एक घेऊन येतो, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो, भोकं जुळवतो, दात जुळवतो आणि मान हलवतो. बहुतेक वेळा आडवीच. मी असे नमुने घेऊन नाशिकभर फिरले. एसटीत शेजारी शेवंतीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, आणि माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली क्लच प्लेट. "काय हाय गं त्यात, भाकरी?" असं एकीने विचारलं होतं. मी हो म्हणाले. समजावून सांगण्याएवढं त्राण उरलं नव्हतं.

वडलांना मी दादा म्हणते. दिंडोरीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत आमचा मळा आहे. द्राक्षबाग, आणि विहिरीच्या बाजूला थोडा भाजीपाला. नव्वदीच्या सुरुवातीला दादांनी देवळाली कॅम्पातल्या लिलावात लष्कराची ही जुनी जीप घेतली. आई सांगते, ट्रॅक्टर आला तेव्हा ते एवढे खूश नव्हते. पेट्रोलचं इंजिन काढून तिच्यात डिझेलचं बसवलं, हिरव्या रंगावर पांढरा चढवला, तरी बॉनेट उघडलं की आतल्या कडांना हिरवा दिसायचाच. फोर व्हील जीप. म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा लिव्हर, तो टाकला की मागच्या दोनच नाही तर चारही चाकं जोर लावतात. आमच्या काळ्या मातीत पाऊस झाला की बैलसुद्धा विचार करून पाय उचलतो. तशा चिखलातून ही जीप भरलेल्या क्रेट घेऊन रस्त्याला लागायची. गावातल्या कितीतरी बायका तिच्यातून बाळंतपणाला गेल्या. एकीने तर दवाखान्याची वाटही पाहिली नाही.

मला स्वतःला ती जीप कधी आवडली नाही. पाठीला हिसके, केसांत माती आणि अंगाला डिझेलचा वास. कॉलेजात सोडायला दादा ती घेऊन यायचे तेव्हा मी अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरायचे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना कोणाला वाटायचं की मला जुन्या गाड्यांचा शौक आहे. मला शौक झोपेचा आहे.

आमच्या भागातले जीपवाले त्या काळी एक चूक हमखास करायचे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर आणि जीपचा टायर एकाच मापाचा येतो. रिमवर अगदी चपखल बसतो. त्यात ट्रॅक्टरचा एखादा टायर प्रत्येकाच्या शेडमध्ये पडलेलाच असतो. मग जीपचे पुढचे टायर गुळगुळीत झाले की काढायचे, ट्रॅक्टरचे चढवायचे, झालं काम. दिसायलाही बरे दिसतात, गोल फिरत जाणाऱ्या तीन जाड पट्ट्या. पण तो टायर ढेकळांतून सरळ चालण्यासाठी केलेला असतो. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की तो घसरतो, जोरात पळवला की तापतो. शिवाय पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर म्हटल्यावर चाकांचा घेर सारखा राहत नाही. फोर व्हील टाकलं की पुढची चाकं एक सांगतात, मागची दुसरंच, आणि तो छोटा लिव्हर असा अडकून बसतो की दोन माणसांनी ओढला तरी सुटत नाही.

दादांना या टायरची भयंकर चीड. समोरून तशी जीप आली की आपली थांबवून ते त्या माणसाला सुनावायचे, "अरे, वावरातलं पायताण घालून लग्नाला निघाला का?" एकदा आमच्या शेजारच्या मळेकऱ्याची जीप तसल्या टायरांवर पावसात उतारावरून घसरली आणि ओढ्यात जाऊन बसली. कोणाला लागलं नाही. दादांनी आमची जीप नेऊन ती ओढून काढली, पण काढताना त्याला इतकं बोलले की त्या बिचाऱ्याला ओढ्यातच बरं होतं असं वाटलं असेल. "वावरातच फिरवायची आसंल तर लाव की ट्रॅक्टरचे," दादा म्हणाले होते. "पण मंग जीप कह्याला ठेवायची? छकडा घे." आम्ही घरी त्यांची नक्कल करून हसायचो.

दोन हजार साल उलटल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत, दादांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हात पुढे बराच सुधारला, कप धरण्यापुरता, बटण लावण्यापुरता. पाय काही सुधारला नाही. डॉक्टरांनी काठी घेऊन रोज चालायला सांगितलं आणि गाडी चालवायची नाही हेही सांगितलं. माझ्या आणि आईच्या समोर सांगितलं, दादांनी मान डोलावली. घरी आल्यावर तो विषय कोणी काढला नाही. दादा तर त्या दिवसापासून 'पाय' हा शब्दच बोलेनासे झाले. "जरा दमलो," म्हणायचे. "जरा टेकतो," म्हणायचे. उंबरा ओलांडताना काठी आधी टाकायचे आणि आम्ही बघत असलो तर थांबून आभाळाकडे पाहायचे, जसं काही ढगांचाच विचार चालला होता.

मी तेव्हा सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करत होते. आठवडाभर काउंटरमागे उभं राहून कामगारांना बेअरिंग, बेल्ट, नटबोल्ट द्यायचे. आमची सुट्टी शनिवारची. लग्न केलेलं नव्हतं, भावंडं नव्हती, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे असा सगळ्या नातेवाइकांचा समज होता. शनिवारी सकाळी कपडे धुवायचे आणि दुपारी आडवं व्हायचं, एवढीच माझी चैन होती. ती त्या वर्षी संपली.

एका शनिवारी मळ्यात पोचले तर आई ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेली. दादा शेडमध्ये, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर. जीपचं नाक बागेच्या कडेच्या लोखंडी खांबात घुसलेलं, आणि तिच्या वाटेत रचून ठेवलेल्या क्रेट चारी दिशांना पसरलेल्या. झालं होतं असं, की आई विहिरीवर गेलेली पाहून दादांनी जीप चालू केली. डाव्या पायाने क्लच दाबला जाईना, म्हणून त्यांनी उजव्या पायाने दाबला, गिअर टाकला आणि मग रेस द्यायला तोच पाय उचलला. जीप उडी मारून सुटली. खांब नसता तर पुढे विहीरच होती.

मी दादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच.

"क्लच लय कडक झालाय," ते म्हणाले. "प्लेट गेली आसंल. बदलून टाकू."

मी तोंड उघडलं तेवढ्यात आई पुढे आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आण बाई प्लेट. चा ठेवते."

तिथून ते सुरू झालं. जीपला खरं म्हणजे काही झालं नव्हतं. ती म्हातारी होती, कुरकुरायची, पण चालत होती. दादांच्या पायात जे उरलं नव्हतं ते आम्ही जीपमध्ये शोधायला निघालो होतो. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आईला दिसत होतं, जीप उघडणाऱ्या फाट्यावरच्या मिस्त्रीलाही दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की दादा पुन्हा जीप चालवणार नाहीत हे त्यांना सांगणार कोण. माझ्या मनात दर आठवड्याला यायचं की आज सांगून टाकू. आणि दर आठवड्याला मी एक नवा नमुना पिशवीत घालून परत निघायचे.

क्लच प्लेटसाठी मी आधी नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूची दुकानं पालथी घातली. तिथे नवी प्लेट लगेच मिळाली, पण दादांनी ती हातात घेऊन नखाने खरवडली आणि परत केली. बाजारातला नवा माल त्यांना चालत नसे. मिलिटरीतून निघालेला जुना माल हवा, कारण तो 'मूळचा' असतो. त्यामुळे पुढच्या शनिवारी देवळाली कॅम्प. सातपूरहून सीबीएस स्टँड, सीबीएसहून कॅम्पाची बस, आणि बाजाराच्या टोकाला एक दुकान, जिथे छतापर्यंत नुसतं लोखंड रचलेलं. मालक लाकडी पेटीवर बसून पोथी वाचायचा. डोळे वर न करता म्हणायचा, "मॅडम, नमुना?" मी नमुना द्यायचे. तो उठायचा नाही, लांब काठीच्या टोकाला लावलेल्या आकड्याने ढिगातून नेमकी चुकीची वस्तू ओढून काढायचा. "ये लो. अभी दस साल देखना नहीं." दहा वर्षं बघायची नसतील तर मी देणगी द्यायला तयार होते. पण ती वस्तू घरी नेली की मिस्त्री म्हणायचा, "ताई, हे जोंग्याचं हाय. आपलं नाय." जोंगा म्हणजे लष्कराची दुसरी, मोठी गाडी. मग ती परत करायला पुन्हा कॅम्प.

प्लेट अखेर मिळाली आणि बसलीही. मिस्त्रीने जीप बागेतून फिरवून आणली, "मख्खन," म्हणाला. दादा काठी बाजूला ठेवून चढले. चढायला वेळ लागला, आम्ही तिघंही तेवढा वेळ दुसरीकडे बघत होतो. इंजिन बंदच होतं. त्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला आणि जोर लावला. पेडल थोडं खाली गेलं आणि वर आलं. पुन्हा लावला. मानेवरच्या शिरा फुगल्या.

"हां," दादा म्हणाले. "क्लच आता बरा हाय. पण ष्टेरिंग जड लागतंय का रे?"

स्टेअरिंगला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रीकडे. "लागतंय थोडं," तो म्हणाला. हा मिस्त्री मनाने चांगला आणि कामाला आळशी, तोंडात कायम शेंगदाणे. त्याला कोणाचं मन मोडायचं नसायचं आणि गाडी लवकर द्यायची नसायची, त्यामुळे दादांचं आणि त्याचं छान जमलं. मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना." तो म्हणाला, "ताई, तुमी लेक हायेत. तुमी सांगा." फाटा आल्यावर तो म्हणाला, "मंग पुढच्या शनवारी ष्टेरिंग खोलू."

स्टेअरिंगनंतर ब्रेकचे सिलिंडर. ब्रेकनंतर पुढच्या चाकांचे बेअरिंग. मग सीटखालचे पट्टे, कारण 'बसक नीट नाय'. जुना पार्ट निघाला की दादा तो फेकू द्यायचे नाहीत. पुढेमागे नमुन्याला लागेल म्हणून तो रॉकेलने पुसून एका द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवायचे. ते काम मात्र त्यांना छान जमायचं. उजव्या हाताने पुसायचं, डाव्याने नुसतं धरायचं. आई म्हणायची की या क्रेटपायी दुपार तरी जाते त्यांची. ती क्रेट हळूहळू भरत गेली.

दरम्यान जग पुढे चाललं होतं. गावात ज्याच्या-त्याच्या दारात पिकअप आली. ज्यांनी जीपला ट्रॅक्टरचे टायर लावले होते त्यांनी त्या जीपा विकूनही टाकल्या. आमच्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं, वायनरीवाल्यांच्या गाड्या थेट बांधाशी येऊ लागल्या, आणि आमच्या मालासाठी शेजारच्या मळेकऱ्याचीच पिकअप यायला लागली, ज्याची जीप दादांनी ओढ्यातून काढली होती तोच. दुकानदार तर मला बघूनच हसायला लागले. "मॅडम, पिकअपचं काय पाहिजे ते सांगा. जीपचं आता म्युझियममध्ये विचारा." कारखान्यात माझ्या टेबलाखाली कायम एखादा तेलकट पुडा असायचा. माझ्या ओढण्यांना डाग पडले, बसमध्ये उभ्याउभ्या डोळा लागायला लागला. एका शनिवारी कॅम्पातून परत येताना मी झोपेत सीबीएसला उतरायच्याऐवजी पार पुढे डेपोत गेले आणि जागी झाले तेव्हा बस रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, कुठं जायचंय?" मला क्षणभर सांगताच येईना.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईवर भडकले. दादा शेडमध्ये होते, आम्ही स्वयंपाकघरात.

"विकून टाक ती जीप. नाहीतर मी सांगते त्यांना. आत्ता सांगते."

आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिने हात थांबवला नाही.

"इकली तर ते दिसभर काय करतील?"

"मला काय माहीत! मी काय करते दिवसभर, कोणी विचारलंय?"

"तू दमती, मला दिसतं," आई म्हणाली. "मी बी दमले. पण त्यांना आजून वाटतं, पार्ट बदलला का होईल. वाटू दे. ज्या दिवशी वाटायचं बंद होईल ना, त्या दिवशी माणूस खाटंवर पडंल."

मी पाणी प्यायले आणि शेडमध्ये गेले. दादांनी पुसलेला एक बेअरिंग माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ह्याच्यासारखा बघशील का? थोडा आवाज करतोय." मी तो पिशवीत टाकला.

असं करत-करत एक दिवस मिस्त्री बॉनेटवर टेकून म्हणाला, "दादा, आता टायर सोडले तर समदं नवं झालं." तो सहज म्हणाला, पण मी दचकले. टायर झाले की पुढे काही उरत नव्हतं. बदलायला काही उरलं नाही म्हणजे दोष द्यायलाही काही उरलं नाही. दादांनाही ते जाणवलं असावं, कारण ते बराच वेळ चाकाकडे बघत बसले. चारही टायर झिजून चकचकीत झाले होते, एकाच्या कडेला तडा गेला होता.

"टायर मी येऊन बघतो," दादा म्हणाले. "टायर दुसऱ्यानी आणून चालत नाय."

टायरला नमुना लागत नाही, माप त्याच्यावरच लिहिलेलं असतं. पण मी हो म्हणाले. आजारपणानंतर दवाखाना सोडून दादा पहिल्यांदाच शहरात येणार होते. आईने त्यांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि टोपी दोनदा नीट केली. शेजाऱ्याची पिकअप टोमॅटो घेऊन पंचवटीतल्या मार्केट यार्डात निघाली होती, तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसून ते आले. मी द्वारकेला वाट बघत उभी होते. शेजाऱ्याने त्यांना हाताला धरून उतरवलं आणि माल उतरवून परत येतो म्हणाला. दादांनी काठी सावरली, चौकातली गर्दी बघितली आणि म्हणाले, "लय गाड्या झाल्या." मग आम्ही अगदी हळूहळू टायरच्या दुकानापर्यंत गेलो.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. रबर चढवलेले जुने नाही, चारही नवे, जीपचेच, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या नक्षीचे. दादा दुसरं काही घेणारच नाहीत हे मला माहीत होतं. ते घ्यायचे, बसवायचे, दादा सीटवर चढतील, पाय ठेवतील आणि मग जे व्हायचं ते होईल. माझी त्यालाही तयारी होती. खरं सांगायचं तर कशालाही तयारी होती, फक्त ते संपायला हवं होतं.

दुकानदाराने दादांना खुर्ची दिली आणि एक टायर घरंगळत समोर आणून ठेवला. दादांनी त्याची नक्षी बोटाने चाचपली. अंगठ्याचं नख रोवून रबर पाहिलं. कड दाबली, आत हात घालून फिरवला, हाताचा वास घेतला. दुकानदार माझ्याकडे बघून कौतुकाने हसला.

"चांगला हाय," दादा म्हणाले.

"चार काढू?" दुकानदाराने विचारलं.

दादांनी टायर उजव्या हाताने हळूच बाजूला ढकलला. "ट्रॅक्टरचे दाखव. पुढचे. दोन."

मला वाटलं ते विसरले. आजारानंतर कधीकधी व्हायचं तसं. मी खाली वाकून म्हटलं, "दादा, जीपचे घ्यायचेत आपल्याला."

"जीपचेच घेतोय."

"हे ट्रॅक्टरचे मागताय तुम्ही."

"मला माहीत हाय कह्याचे मागतोय."

मी चिडले. भर दुकानात चिडले. "दादा, सगळं नवीन टाकलंय. प्लेट, ब्रेक, बेअरिंग. मी कुठून कुठून आणलंय ते. आणि आता टायरला वावरातलं पायताण? तुम्हीच लोकांना बोलायचात ना? रस्त्यावर कशी जाईल ती?"

"रस्त्यावर कोण नेणार हाय?" दादा म्हणाले. "तू चालवती का?"

मला चालवता येत नव्हती. शिकावी असं कधी वाटलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"ट्रॅक्टरवरचा गडी फिरवील बागंतल्या बागंत," ते म्हणाले. "खत वाहील, क्रेटा वाहील. मागचे झिजलेले चालतील तेवढ्याला. फोर व्हील टाकू नको म्हणून सांगू त्याला." आणि मग काठीवर दोन्ही हात ठेवून, दुकानदाराकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "पाय नाय राहिला पोरी. क्लच पयल्यापासून चांगला होता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पाय म्हणाले. मला जे हवं होतं तेच झालं होतं. कोणाला सांगावं लागलं नाही, भांडावं लागलं नाही, संपलं. आणि मी त्या दुकानदाराला म्हणत होते, "नाही, तुम्ही जीपचेच द्या, चारही द्या, मी सांगते ना." माझा आवाज इतका चढला होता की बाजूच्या दुकानातला माणूस डोकावला. दुकानदार टायर हातात धरून उभा, एकदा माझ्याकडे बघत, एकदा दादांकडे. "आधी घरात ठरवा ताई," तो म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. ओढणीने तोंड पुसलं तर ओढणीला तेलाचा वास.

दादांनी हात वर करून दुकानदाराला खूण केली. त्याने ट्रॅक्टरचे दोन टायर काढले, तीन जाड पट्ट्यांचे. दादांनी ते तपासलेसुद्धा नाहीत.

पिकअप आली तेव्हा रिकाम्या क्रेटवर ते दोन टायर टाकले. शेजाऱ्याने टायर पाहिले, मग दादांना पाहिलं. त्याला दादांचं ते ओढ्यावरचं बोलणं आठवलंच असणार. पण तो काही बोलला नाही, निमूटपणे त्याने दोरी आवळली आणि दादांना आधार देऊन वर बसवलं. त्याच्या त्या न बोलण्याबद्दल मला अजूनही तो माणूस आवडतो.

मी खिडकीशी उभी होते. दादांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. तिच्यात गेल्या आठवड्याचा बेअरिंग तसाच होता, अजून जोड मिळाला नव्हता.

"तो दे इकडं," ते म्हणाले. मी दिला. त्यांनी तो उजव्या हाताने मांडीवर ठेवला. "ती शेडमधली क्रेट हाय ना, ती भंगारवाल्याला देऊन टाकायला सांगतो तुझ्या आईला. आता नमुने लागायचे नाय."

"बरं," मी म्हणाले.

"तू जा आता. झोप जा."

पिकअप सिग्नल ओलांडून पंचवटीकडे वळली. मी तिथेच फुटपाथवर उभी राहिले. पिशवी खांद्याला इतकी हलकी लागत होती की मी ती दोनदा चाचपून पाहिली. शनिवारची अख्खी दुपार शिल्लक होती आणि मला कुठेही जायचं नव्हतं.